ट्रॅक्टर गरम होतोय? हेड खोलायच्या आधी जाळी बघा

मे महिन्यात परभणीकडं पारा ४२-४३ वर, त्यात काळी जमीन आन मागं रोटा (माती भुसभुशीत करायचा रोटाव्हेटर), जुन्या ट्रॅक्टरचा घाम निघतोच. आमच्या ट्रॅक्टरचा तापमानाचा काटा रोटा जरा चालला की लालमध्ये जायचा. मेस्त्री म्हणले हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आन ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय, खोलावं लागतंय. मला पटलं नाही, कारण ट्रॉलीला काटा नीट राहायचा, ऑइलमध्ये पाणी नाही, आन थंड इंजिनवर रेडिएटरचं (इंजिनचं पाणी गार करतो तो) झाकण काढून स्टार्ट केलं तर त्यात बुडबुडे पण नाहीत. गॅस्केट गेलं असतं तर बहुतेक सारखे बुडबुडे आले असते.

मग पुढची जाळी काढली. रेडिएटरच्या पत्र्यांमध्ये सोयाबीनचं भुसकट, वर डिझेलच्या ओलीनं चिकटलेली माती, टॉर्च धरली तर पलीकडं उजेडच दिसंना! हवाच जात नसल तर पंखा तरी काय करणार? हवा मारायची ती पंख्याच्या बाजूनं पुढं, समोरून मारली की कचरा अजून आत बसतो, आन नळी लई जवळ नेऊ नका, पत्रे वाकतात.

पंख्याचा बेल्ट ठीक होता, अंगठ्यानं दाबला की साधारण अर्धा इंच दबावा. पण रेडिएटरचं पाणी काढलं तर लालसर गढूळ. वरची टाकी आतून बघितली तर हीटरच्या रॉडवर बसतो तसला पांढरा थर. हा बोअरच्या पाण्याचा क्षार. आपल्याकडं बोअरचं पाणी जड, ते रेडिएटरात घालूच नका. डिस्टिल्ड पाणी आन कूलंट निम्मं-निम्मं घाला, निस्त्या पाण्यापेक्षा उशिरा उकळतं आन गंज धरत नाही.

थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरकडं पाणी सोडणारी झडप) काढून फेका असं गावात सगळेच सांगतात, माझा त्याला ठाम विरोध आहे. इंजिन थंडच राहिलं तर डिझेल नीट जळत नाही, लायनर (पिस्टन ज्यात चालतो ती नळी) लवकर झिजतात. त्यापेक्षा पातेल्यात पाणी तापवून थर्मोस्टॅट दोरीनं त्यात सोडा, पाणी उकळायच्या थोडं आधीच तो उघडायला पाहिजे. आमचा पाणी खळखळलं तरी निम्माच उघडला, म्हणून नवीन टाकला. रेडिएटरच्या झाकणाचं रबर पण कडक झालं होतं, प्रेशर धरत नव्हतं, ते बी बदललं.

आता भर उन्हात रोट्याला काटा मध्येच राहतो. आन इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, गार पाणी तर अजिबात ओतू नका, हेडला तडा जातो.