गड्ड्यापासून गड्ड्यापर्यंत

दुपारी चहाला चार डोकी जमली की कुणीतरी काडी टाकतंच, "सोलापूरचं सगळ्यात भारी साल कुठलं बे?" अट एकच. वाजवणं, खेळ आणि राजकारण, तिन्हीत भारी पाहिजे. मग जो तो आपण कॉलेजात असतानाचं साल काढतो आणि जुंपते.

मिटत नाही, कारण साल मोजायचीच पद्धत चुकते. सोलापूरचं साल १ जानेवारीला कुठं सुरू होतं? संक्रांतीच्या तोंडावर सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते; तिथं संमती कट्ट्यावर देवाच्या लग्नाच्या अक्षता पडल्या की जुनं संपलं, नवं लागलं. असं मोजलं तर मे १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चार हुतात्म्यांना झालेली फाशी एकाच सालात बसतात. बसायलाच हवीत. सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री झाले १८ जानेवारी २००३ ला. अक्षता पडून गेलेल्या, त्यामुळं ते २००३ च्याच खात्यावर.

दुसरा घोळ म्हणजे आपला माणूस कुणाला म्हणायचं. पॉली उम्रीगर जन्मानं सोलापूरचे. कसोटीत भारताचं पहिलं द्विशतक त्यांचं, २२३, हैदराबादला, १९५५ साली. पण क्रिकेट बहुतेक मुंबईचं. आमच्या हिशेबात अर्धे गुण. पाऊण मागणारेही आहेत, त्यांच्याशी वाद घालू नये.

खरी अडचण वाजवण्याची. त्याची नोंद कुणी ठेवत नाही. इथलं वाजवणं म्हणजे विसर्जन मिरवणुकीतली लेझीम, आणि लेझीम हलगीवर चालते. हलगीचं कातडं ओल धरतं. ओल धरली की ढिलं पडतं, आवाज बसतो, काडीचा कडक ठोका उठतच नाही. मग कोपऱ्यात रद्दी पेटवून हलगी शेकायची; कडेकडेनं फिरवत, मधे मधे बोटानं टिचकी मारून बघत. कमी शेकली तर दोन चौकांत पुन्हा ढिली, जास्त शेकली तर कातडं तडकतं. तोवर पन्नास पोरं लेझीम मिटून उभी. डाव मोडला की पुन्हा जमायला वेळ लागतो, मागचं मंडळ ओरडतं. आता फायबरची हलगी आलीय. तिला शेकायला लागत नाही, पण तिचा आवाज डब्याचा.

म्हणून वाजवण्याचं साल पावसावर ठरतं. सोलापुरात सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरचा. अधिक श्रावण आला की विसर्जन पार सप्टेंबरच्या शेवटाला ढकललं जातं, तेव्हा रद्दी जास्त बाळगावी.

हे सगळं लावून माझं मत २०२२ ला. लोक हसतात, एवढ्या अलीकडचं साल कुणी आठवणीत धरतं का? पण बघा. दोन वर्षं मिरवणूक नव्हती, त्या साली ९ सप्टेंबरला निघाली. दुसऱ्याच दिवशी माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे इंग्लंडविरुद्ध भारताकडून पहिला टी-ट्वेंटी सामना खेळली. त्याआधी एप्रिलमध्ये तिनं नाबाद १६२ केलेल्या, तेही नागालँडकडून. आणि राजकारणात जूनमध्ये सांगोल्याच्या शहाजीबापूंचं "काय झाडी, काय डोंगार" गुवाहाटीतून अख्ख्या महाराष्ट्रात घुमलं. म्हणजे आमच्या भारी सालातलं निम्मं ईशान्य भारतात घडलं. चालतंय. शहर की जिल्हा, हा वाद मी मुद्दाम काढत नाही. काढला तर २०२२ कोसळतं.

फक्त त्याच मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक बसला. निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ ला. भारी सालात उजनी शंभर टक्के भरलेली, नळाला पाणी चार-चार दिवसांआड, आणि जाब विचारायला वॉर्डात नगरसेवकच नाही. राजकारणाचे गुण किती कापायचे, ते अजून ठरलेलं नाही.