आमची वाटचाल : मिश्र धातू-ऑक्साइडचे इलेक्ट्रोड

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत आम्ही सुपरकपॅसिटरसाठी, म्हणजे वीज झटपट साठवून झटपट परत देणाऱ्या उपकरणासाठी, इलेक्ट्रोड तयार करतो. शिवाजी विद्यापीठात रासायनिक पद्धतीने पातळ थर बसवण्याच्या संशोधनाची जुनी परंपरा आहे आणि आमचे बहुतेक सहकारी तिथेच घडलेले आहेत.

रुथेनियम ऑक्साइड विद्युतभार साठवण्यात सरस असले तरी त्याची किंमत परवडणारी नाही, म्हणून आम्ही निकेल कोबाल्टाइटकडे वळलो. एका निकेलमागे दोन कोबाल्ट असलेले हे संयुग त्या धातूंच्या सुट्या ऑक्साइडपेक्षा वीज कितीतरी चांगली वाहून नेते. सुरुवातीला आम्ही भुकटी विकत असू. पण ती चिकटवण्यासाठी लागणारा बाइंडर विजेला अडवतो, त्यामुळे पुढे थेट निकेल फोमवरच (निकेलच्या स्पंजासारख्या सच्छिद्र पत्र्यावर) थर वाढवू लागलो. धातूंचे क्षार आणि युरियाच्या द्रावणात फोमचे तुकडे बुडवून, टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सहन करणाऱ्या बंद भांड्यात) 120 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवले की त्यांवर जांभळट-गुलाबी थर चढतो आणि भट्टीत 300 ते 350 अंशांवर भाजल्यावर तोच काळा होतो. भाजण्याआधी अल्ट्रासोनिक बाथमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी हादरवलेल्या द्रवात, सैल भुकटी झाडून घ्यावीच लागते, नाहीतर इलेक्ट्रोड पुढे ज्यात काम करतो त्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या अल्कली द्रावणात ती गळते आणि वजनाचा सारा हिशेब बिघडतो.

या हिशेबाबद्दल आम्ही आग्रही आहोत. चौरस सेंटिमीटरला जेमतेम एक मिलिग्रॅम पदार्थ लावला की प्रतिग्रॅम क्षमतेचा आकडा फार मोठा दिसतो. व्यापारी उपकरणात मात्र साधारण 10 मिलिग्रॅमचा जाड थर लागतो आणि त्याच्या तळापर्यंत द्रावणातले आयन (विद्युतभारित कण) तितक्या वेगाने पोहोचत नाहीत. शिवाय हा पदार्थ अल्कलीत बॅटरीसारखा वागतो : साठवलेली वीज बाहेर पडतानाच्या (डिस्चार्जच्या) व्होल्टेजच्या आलेखात कपॅसिटरसारखी सरळ उतरण नसते, सपाट पायरी दिसते. अशा पदार्थाची क्षमता फॅरड या कपॅसिटरच्या एककात सांगणे आम्हाला चुकीचे वाटते, म्हणून आम्ही थराचे वजन लिहून ती बॅटरीसारखी मिलिअँपिअर-तासांत देतो. यामुळे काही मागण्या हातच्या जातात. तरीही सक्रिय कार्बनचा दुसरा इलेक्ट्रोड जोडून ज्यांना पूर्ण सेल बांधायचा असतो ते पुन्हा आमच्याकडे येतात, कारण दोन्ही बाजूंचा विद्युतभार जुळवायला त्यांना हेच आकडे लागतात.

जगातील निम्म्याहून अधिक कोबाल्ट काँगोतून येते आणि त्याचे भाव स्थिर नसतात. मँगनीजचे खनिज मात्र आपल्या भंडारा-नागपूर पट्ट्यातच निघते. त्यामुळे कोबाल्टचा वाटा कमी करून मँगनीज वाढवण्याचे काम आम्ही हाती घेतले आहे. मँगनीजने वाहकता घटते, त्यासाठी कार्बनची जोड देऊन पाहत आहोत, आणि हे नमुनेही जाड थरावरच तपासत आहोत.