पाठ असलेले शब्द

"ह्येंच्या तोंडात ह्यो एकच शबूद ऱ्हायलाय, मॅडम," मामी म्हणाल्या, आणि शेजारी बसलेल्या मामांनी तो लगेच म्हणून दाखवला. "चला."

मामा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन दहा वर्षं झालेली. पाच आठवड्यांपूर्वी सकाळी चूळ भरताना उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं. जीव वाचला, पाय ओढत का होईना चालायला लागले, पण वाचा गेली. पाणी पाहिजे असलं तरी चला, लाईट बंद करायची असली तरी चला. नातवानं टीव्हीचा आवाज वाढवला की संतापून चला, चला, चला. समोरच्याचं बोलणं त्यांना कळत होतं, आपलं काय चुकतंय तेही कळत होतं. या आजारात माणसाचे डोळे बघवत नाहीत ते याच कारणानं.

मी सोळा वर्षं कोल्हापुरात स्पीच थेरपिस्टचं काम करते. राजारामपुरीत छोटं क्लिनिक आहे. त्या दिवशी पाऊस नुसता कोसळत होता. बाहेर बाकावर एकच विषय चाललेला, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फुटांवर आलं. 39 ला इशारा, 43 ला धोका, हे आकडे आमच्याकडं पोरासोरांनाही पाठ असतात. दोन पेशंट आलेच नाहीत. मामा-मामी मात्र कोडोलीहून सकाळची एसटी धरून आले, आणि दारातच मामींनी "सलाम" केला. पाटीवरचं आडनाव वाचून ओळखलं असणार. आम्हा ख्रिस्ती लोकांत भेटल्यावर सलाम म्हणतात. मीही सलाम म्हटलं, पण आतून आखडले.

मे 2021 मध्ये माझे पती कोरोनानं गेले. रात्री साडेअकराला किट घातलेल्या चौघांनी माती दिली. गीत नाही, वचन नाही. पाळकसाहेब फाटकाबाहेर लांब उभे राहून प्रार्थना करत होते, ती ॲम्ब्युलन्सच्या इंजिनात मला ऐकूच आली नाही. मुलगी तेव्हा पाच वर्षांची. पुढं महिनाभर फोन येत राहिले, देवाची इच्छा, देवाची इच्छा. मग एका कॉटेज मीटिंगमध्ये, म्हणजे घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत, एका वडीलधाऱ्या बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की विश्वास कमी पडतो म्हणून रडू येतं. त्या दिवसापासून मी रडणं बंद केलं, आणि देवाशी बोलणंही.

चर्चला जात होते, मुलीसाठी. रात्री तिच्या अंथरुणाशी बसून प्रभूची प्रार्थनाही म्हणत होते. फक्त 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' ही ओळ आली की मी गप्प बसायचे. पोरगी एकटी म्हणायची, पुढच्या ओळीला मी परत सामील व्हायचे. तिला वाटायचं ती ओळ तिचीच आहे. तीन वर्षं हे असं चाललं. बायबल उघडलं की अक्षरं नुसती दिसायची. ओठ हलतात, आत काही नाही, मग ही कसली प्रार्थना, हे तर पाठांतर, असं मी स्वतःला बजावून ठेवलं होतं.

आता मामांच्या आजाराबद्दल. याला ब्रोकाज अफेजिया म्हणतात. बहुतेक माणसांत बोलणं जुळवण्याचं काम मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात चालतं. तिथं रक्तपुरवठा तुटला की वाक्य बांधता येत नाही. पॅरिसमध्ये 1861 साली पॉल ब्रोका या डॉक्टरांकडं असा एक पेशंट आला होता. त्याला 'टॅन' एवढंच म्हणता यायचं. एकवीस वर्षं तो रुग्णालयात होता आणि सगळे त्याला टॅन म्हणूनच हाक मारायचे. तो वारल्यावर ब्रोकांनी मेंदू तपासला तेव्हा इजा डावीकडं सापडली. टॅनची गोष्ट आम्हाला कॉलेजात शिकवतात. मामांकडं बघताना मला तोच आठवत होता.

अशा पेशंटांत एक गोष्ट आम्ही नेहमी बघतो. ज्याला 'तीन' म्हणता येत नाही, तो एक-दोन-तीन सलग मोजू शकतो. जे त्या क्षणी घडवून बोलायचं ते अडतं, पण वर्षानुवर्षं घोटून जे आत बसलंय ते सुटतं. त्यात मेंदूच्या उजव्या बाजूचा हात असावा असं मानतात. मी वारकरी आजींबरोबर ज्ञानोबा-तुकाराम म्हटलंय, पुजारीकाकांबरोबर आरती, एका चाचांबरोबर बिस्मिल्ला. आणि दर वेळी घरच्यांना सांगितलंय की याला बोलणं समजू नका, हे आपोआप येतंय, फार आशा धरू नका. ते सांगावंच लागतं. पाठ असलेलं म्हणता आलं म्हणजे मनातलं सांगता येईलच असं नसतं.

मामांना मी कप, किल्ली, कंगव्याची चित्रं दाखवली. चला. डाव्या हातानं टेबलावर ठेका धरायला लावून आकडे सुरू केले, तर दहापर्यंत आले. मामी पदर तोंडाला लावून बघत राहिल्या. वार शुक्रवारपर्यंत आले.

"अजून काय पाठ होतं मामांना?"

"गीतं. आन् प्रभूची प्रार्थना. गाडी सुटायच्या आदी मनातल्या मनात म्हनायचे, मग डबल बेल द्यायचे."

दुसऱ्या कुणाच्या बाबतीत मी क्षणभरही थांबले नसते. पण इथं मी आधी महिन्यांची नावं घेतली. मामा मार्चला अडकले. परत घेतली, परत मार्च. उपाय समोर असताना मी पेशंटला फिरवत होते, आणि ते मला कळत होतं. शेवटी मीच टेबलावर ठेका धरला.

"हे आमच्या स्वर्गातील..."

"पित्या," मामा म्हणाले.

स्वच्छ. 'त्या' सुद्धा स्वच्छ. तुझे नाव पवित्र मानले जावो, तुझे राज्य येवो, जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही. आम्ही बरोबर चाललो होतो. आणि 'तुझ्या इच्छेप्रमाणे' म्हणून माझा आवाज बसला. सवयीनंच बसला.

आमच्या कामात शेवटचा शब्द पेशंटसाठी मुद्दाम सोडतात. आपण थांबायचं आणि तो पुरा करतो. मामांना वाटलं मी त्यांच्यासाठी थांबलेय. त्यांनी माझ्याकडं बघितलं, ओठ जुळवले, श्वास घेतला. "होवो."

मी पुढं जाऊ शकले नाही. ठेकाही थांबला. मामांनी थोडी वाट बघितली आणि मग स्वतःच डाव्या हाताचं बोट टेबलावर आपटायला लागले. "आमची रोजची भाकर," आणि तिथं अडले. भाकर. भाकर. आता त्यांना पुढचा शब्द लागत होता आणि द्यायला मीच होते. "आज," मी म्हटलं. "आज आम्हांला दे." तिथून शेवटपर्यंत कुठं त्यांनी मला ओढलं, कुठं मी त्यांना. आमेन दोघांनी म्हटलं, मामीपण होत्या त्यात.

त्यानंतर मामा गप्प बसले. मग हात लांब करून मामींच्या पिशवीकडं बोट केलं आणि म्हणाले, "भाकर."

ठेका नव्हता, मागचं वाक्य नव्हतं. त्यांना भूक लागली होती आणि त्यांनी ते सांगितलं होतं. मामींनी थरथरत्या हातानं फडकं सोडलं. ज्वारीची भाकरी, मिरचीचा खर्डा. मामांनी डाव्या हातानं तुकडा मोडला आणि आधी माझ्यापुढं धरला. "चला," म्हणाले. घ्या, खा, असा तो चला होता. मी खाल्ली. खर्डा तिखट होता, त्यामुळं डोळ्यांतल्या पाण्याला निमित्त मिळालं.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून मी क्लिनिकमध्येच बसून राहिले. तीन वर्षांत पहिल्यांदा देवाशी स्वतःच्या शब्दांत बोलले. फार वाईट बोलले. त्या रात्री तू कुठं होतास, इथून सुरुवात केली आणि आवाज गल्लीत जाईल याचीही पर्वा केली नाही. स्तोत्रसंहितेत 88 वं स्तोत्र आहे, त्याचा शेवट अंधारातच होतो, शेवटी उजेडाची एक ओळही नाही. ते बायबलमध्ये का ठेवलंय ते मला त्या दिवशी उमगलं.

मग बायबलमधलं 1 राजे 19 काढलं. एलीया संदेष्टा जीव घेऊन रानात पळतो, झुडपाखाली बसून मरण मागतो. यावर मी कितीतरी उपदेश ऐकले, सगळे पुढं देवाची जी मंद वाणी त्याला ऐकू येते तिच्यावर. पण देवदूत येतो तेव्हा विश्वास का कमी पडला असं विचारत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू उशाशी ठेवतो, ऊठ आणि खा म्हणतो. एलीया खातो आणि परत झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो, तेव्हाही खायलाच सांगतो, कारण वाट लांबची आहे. त्या कॉटेज मीटिंगमध्ये मला हे कुणी वाचून दाखवलं असतं तर!

आणि माझ्या त्या पाठांतराबद्दल मी चुकीचं समजत होते. ती तीन वर्षं वाया गेली असं मी धरून चालले होते. पण बोलता येत नव्हतं तेव्हा तेच शब्द आत जागा धरून बसले होते. आता घरच्यांना 'फार आशा धरू नका' सांगताना मी तेवढ्यावर थांबत नाही. रोज म्हणत राहा, असंही सांगते.

मामा अजून येतात. तीसेक शब्द झालेत, मामींचं नाव येतं, वाक्य अजून नाही. मीही सगळी बरी झालेय असं नाही. मे महिना जड जातो, कधी गीत मध्येच सुटतं.

त्या रात्री मुलीच्या अंथरुणाशी बसले. नेहमीची ओळ आली आणि मी तिच्याबरोबर म्हणायला लागले, तशी ती थांबली. "ती ओळ माझी आहे, मम्मी."

"आजपासून दोघी म्हणू या का?"

तिनं थोडा विचार केला. "बरं. मी म्हणते. शेवटचं होवो तू म्हण."