तिसांतला एक

१८ मे, रात्री साडेदहा

आज बस भोसरीत अडकली आणि एमआयडीसीतली ती इमारत पुन्हा नीट बघितली. पूर्वीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, इंग्रजी आद्याक्षरांवरून आमच्या तोंडी ‘नारी’. आज जागतिक एड्स लस दिन. १९९७ साली याच तारखेला अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष क्लिंटनसाहेबांनी दहा वर्षांत लस आणायचं बोलून दाखवलं होतं.

फेब्रुवारी २००५ मध्ये देशातली पहिली एचआयव्ही लसचाचणी इथेच सुरू झाली. सोबत आयसीएमआर (सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद), नॅको (सरकारची एड्स नियंत्रण संघटना) आणि एड्सच्या लशीसाठी झटणारी न्यूयॉर्कची आयएव्हीआय. ही १९९६ ची ना-नफा संस्था. लस लागणार ती मुख्यतः गरीब देशांना, म्हणजे औषध कंपन्यांना त्यात धंदा दिसेना. मग देणग्यांवर हे काम उभं राहिलं. ३० निरोगी माणसं हवी होती.

तेव्हा एक माहितीपत्रक माझ्याही हातात आलं होतं. लशीत अख्खा एचआयव्ही नाही, एका निरुपद्रवी विषाणूच्या पोटात त्याचे थोडे जनुक आहेत, त्यामुळे लशीने लागण होणं शक्यच नाही, हे वाचलं आणि पटलंही. अडलो ते पुढे. लशीमुळे प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तयार झाली तर एचआयव्हीची साधी तपासणी पॉझिटिव्ह येऊ शकते. माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. पत्रक घडी करून डब्याच्या पिशवीत टाकलं, संध्याकाळपर्यंत लोणच्याच्या तेलात भिजलं. सुटलो, असंच वाटलं तेव्हा.

माझ्यावाचून काही अडलं नाही. ३० जण मिळाले. कोण होते कुणास ठाऊक. एखादा रोज माझ्याच बसला असेल. लस सुरक्षित निघाली, पण प्रतिकारशक्ती काही फारशी जागी झाली नाही. त्याच सुमारास थायलंडमध्ये १६ हजारांवर लोकांनी लस किंवा तुलनेसाठीची नकली लस टोचून घेतली, २००९ मध्ये निकाल आला: सुमारे ३१ टक्के संरक्षण. तेवढ्यावर लस बाजारात येत नाही. दक्षिण आफ्रिकेतली मोठी चाचणी २०२० मध्ये बंद, पुढच्याही बंदच. हा विषाणू रूप इतक्या भराभर पालटतो की शरीर एकाला ओळखेपर्यंत दुसराच समोर उभा.

अलीकडे आयएव्हीआयच्या एका छोट्या चाचणीत लस घेतलेल्या ३६ पैकी ३५ जणांत हव्या त्या बी-पेशी, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी, जाग्या झाल्या. ही पुरी लस नव्हे, लशीची पहिली पायरी. आणि २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत रोखली, तशी आफ्रिकेतली एक चाचणी सुरू होता होता थांबली. वाचून राग आला. मग वाटलं, पत्रक पिशवीत टाकणाऱ्याने कुठल्या तोंडाने रागवायचं?

जेवताना हिला हे पहिल्यांदाच सांगितलं. भाकरी मोडता मोडता म्हणाली, “आमच्याकडून कुणी रक्ताचा रिपोर्ट मागितला होता? पत्रिका मागितली होती फक्त.”

खरंय. बावीस गुण जुळले होते.