मरळीनं घेतला बळी

सकाळची मिसळ हाणून कॉलेज रोडच्या फ्लॅटवर आमचा डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे गोष्ट रचत फाशांवर खेळायच्या खेळाचा, डाव बसला. डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि राक्षस चालवणारा, मीच. ड्रॅगन आणला की ही मंडळी आता जांभया देतात, म्हणून यावेळी नदीत मासा सोडला. खेळात पिरान्हासारखे क्विपर आहेतच. समोरचा जखमी झाला की चेकाळतात, हल्ल्याला दोन फासे टाकून मोठा आकडा धरायचा. पण मला आपली मरळच हवी होती. सापासारखं डोकं, वर येऊन हवा घेते, त्यामुळे गढूळ डबक्यातही टिकते. आणि पिल्लांचा लालसर पुंजका पाण्यावर दिसला की समजायचं, आईबाप खालीच दबा धरून आहेत.

मी एवढंच म्हणालो, "पाण्यावर शेंदरी काहीतरी वळवळतंय."

आमचे योद्धे म्हणाले, "खजिना असणार!" आणि एकानं घातला कोपरापर्यंत हात. मी मरळीच्या हल्ल्याचा वीस बाजूंचा फासा टाकला. गरगरत चिवड्याच्या ताटलीला धडकून थांबला. वीस! दुप्पट मार.

"माशानं मारलंस मला? माशानं?" हात घालणारा अजून ग्रुपवर भांडतोय. मागच्या रविवारी यानंच मरळीचं कालवण दोनदा वाढून घेतलं होतं.