आजोबांच्या घोट्यावरचा वण

आजोबांच्या घोट्याजवळ एक जुना वण होता. नारूचा. नारू म्हणजे पिण्याच्या पाण्यातून अंगात शिरून कातडीतून बाहेर पडणारा लांब जंत. बाहेर आलेला जंत काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळायचा. घाईत ओढला नि तुटला, की पाय सुजलाच. त्या वर्षी ऐन पेरणीत ते दीड महिना बाजेवर. आजीने निम्मंच रान पेरलं, वर एक बैल विकला.

नारूवर ना औषध, ना लस. मग केलं काय? बारवेत उतरणं बंद, गावात हातपंप, विहिरीत नारू पसरवणारे बारीक किडे मारायचं औषध, पाणी फडक्याने गाळा. बस्स! १९९६ नंतर देशात रुग्ण नाही. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला.

आरोग्यावरच्या पैशाला 'खर्च' म्हणणारे आजीचा तो बैल कुठल्या रकान्यात धरतात? माझ्या पोरांना तर 'नारू' म्हणजे काय, हेच समजावून सांगावं लागलं.