तुम्ही विचारलंत म्हणून : किल्ली कोणाच्या कनवटीला?

जुलै महिन्यात विवरणपत्रे भरण्याची घाई असते, तेव्हा जळगावातील माझ्या कार्यालयात येणारी माणसे एक प्रश्न हमखास शेवटी, दाराशी चपला घालता घालता विचारतात. क्रिप्टोच्या नफ्यावरचा ३० टक्के कर, त्यावरचा उपकर, विक्रीच्या वेळी कापला गेलेला १ टक्का टीडीएस, एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही हा कडू भाग, हे सगळे सांगून झालेले असते. मग उंबरठ्यावर विचारणा होते, ‘साहेब, पण हे ठेवायचे कुठे?’ यंदा ती यावल तालुक्यातून आलेल्या, खते-बियाण्यांचे दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थांनी केली. केळीचे चार पैसे त्यांनी मुलाच्या सांगण्यावरून बिटकॉइनमध्ये घातले होते आणि सराफाकडून आणलेले सोने जसे कपाटात ठेवतात, तसे हे कशात ठेवावे, एवढेच त्यांना हवे होते. उभ्या उभ्या दिलेले माझे उत्तर अपुरे होते, म्हणून आता सविस्तर लिहितो. घ्यावे की घेऊ नये, हे त्यांनी विचारलेले नव्हते. त्यात मी शिरत नाही.

ठेवायचे आहे ते नेमके काय, हे आधी समजले पाहिजे. बिटकॉइन मोबाइलमध्ये नसते, पेनड्राइव्हमध्येही नसते. जगभरातील हजारो संगणकांवर सारख्याच नकला असलेल्या एका खतावणीतील ती नोंद असते आणि ती नोंद एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर नेण्याचा अधिकार ज्या गुप्त आकड्याने सिद्ध होतो, तो आकडा, म्हणजे खासगी किल्ली, तेवढी आपण जपायची असते. शेतकऱ्याला सांगताना मी सातबाऱ्याचा दाखला देतो. उतारा हरवला म्हणून जमीन जात नाही, तलाठ्याकडून दुसरा मिळतो. येथे खतावणी आहे, पण तलाठी नाही, तहसीलदार नाही आणि अपीलही नाही. किल्ली हरवली तर नोंद साऱ्या जगाला दिसत राहते, हलवता मात्र कोणालाच येत नाही.

ही किल्ली माणसाला हाताळता यावी म्हणून २०१३ मध्ये एक पद्धत पुढे आली. २,०४८ साध्या इंग्रजी शब्दांच्या ठरलेल्या यादीतून पाकीट, म्हणजे किल्ल्या सांभाळणारे ॲप किंवा यंत्र, तुम्हाला १२ किंवा २४ शब्द देते. तेच शब्द त्याच क्रमाने, तीच पद्धत पाळणाऱ्या दुसऱ्या यंत्रात भरले की सगळ्या किल्ल्या पुन्हा तयार होतात. १२ शब्दांच्या शक्यतांची संख्या ३९ आकडी भरते, त्यामुळे कोणी अंदाजाने ते ओळखेल ही भीती बाळगण्याचे कारण नाही. भीती आहे ती ते कोणी वाचेल याची, आणि गरज पडेल तेव्हा ते घरातल्यांना सापडणार नाहीत याची. लोकांचे सारे लक्ष पहिल्या भीतीकडे असते आणि माझ्या पाहण्यात आलेले बहुतेक नुकसान दुसरीमुळे झालेले आहे.

बहुतेकांचे नाणे एक्स्चेंजवर, म्हणजे ते जेथे विकत घेतले त्या खरेदी-विक्रीच्या कंपनीकडेच असते, म्हणजे किल्ली एक्स्चेंजच्या कनवटीला असते आणि आपल्या मोबाइलवर दिसतो तो केवळ त्यांच्याकडून येणे असलेला आकडा. हा प्रकार खान्देशातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. माझ्या वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांपैकी मोठा भाग एका पतसंस्थेत अडकला. त्या ठेवपावत्या अजून घरच्या लोखंडी कपाटात आहेत, त्यांवरचे शिक्केही स्पष्ट आहेत, फक्त पैसे नाहीत. एक्स्चेंजचा इतिहास याहून वेगळा नाही. टोकियोचे माउंट गॉक्स हे एक्स्चेंज २०१४ मध्ये कोसळले तेव्हा साडेआठ लाखांच्या आसपास बिटकॉइन नाहीशी झाल्याचे सांगण्यात आले आणि त्यांतील सुमारे दोन लाखच पुढे सापडली. एफटीएक्स हे दुसरे मोठे एक्स्चेंज नोव्हेंबर २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेले. आपल्याकडे १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या एक्स्चेंजच्या एका पाकिटातून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि ज्यांचा त्या चोरीशी काहीही संबंध नव्हता, अशा ग्राहकांचीही नाणी वर्षाहून अधिक काळ अडकून पडली. बँकेतील ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विमा असतो. तो पतसंस्थेला नाही, तसा एक्स्चेंजलाही नाही. मार्च २०२३ पासून या व्यवसायाला मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू झाला आणि एक्स्चेंजांना केंद्राच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते. ती नोंदणी काळ्या पैशावर नजर ठेवण्यासाठी आहे. आपल्या ठेवीची हमी म्हणून ती वाचू नये.

इतके असूनही, ज्याची गुंतवणूक दहा-वीस हजारांची आहे आणि ज्याला मोबाइलचा पिनही मुलाला विचारावा लागतो, त्याला मी नोंदणीकृत एक्स्चेंजवरच राहू द्यावे असे सांगतो. अशा माणसाच्या हातून १२ शब्द हरवण्याची शक्यता एक्स्चेंज बुडण्यापेक्षा अधिक असते. त्याने दोन गोष्टी कराव्यात : एसएमएसवर येणाऱ्या ओटीपीऐवजी ऑथेंटिकेटर ॲप लावावे, कारण सिमकार्डाची दुसरी प्रत काढून ओटीपी पळवले जातात, आणि त्या खात्याचा ईमेल वेगळा ठेवावा. आणखी एक, नाणे बाहेर, स्वतःच्या पाकिटात, काढण्याची सोय त्या ठिकाणी आहे की नाही हे विकत घेण्यापूर्वीच पाहावे. काही ठिकाणी ती नसते.

रक्कम जेव्हा अशी होते की ती गेल्यास रात्रीची झोप उडेल, तेव्हा किल्ली स्वतःकडे घ्यावी. मोबाइलमधील पाकीट ही त्याची पहिली पायरी असली, तरी रोजच्या खर्चाच्या बटव्याइतकेच त्यात असावे, कारण तो मोबाइल इंटरनेटला जोडलेला असतो आणि त्यात लग्नपत्रिकांच्या नावाखाली येणाऱ्या फायलीही उघडल्या जातात. मोठ्या रकमेसाठी हार्डवेअर वॉलेट घ्यावे. प्रागच्या एका कंपनीने ट्रेझर नावाचे असे पहिले यंत्र २०१४ मध्ये विक्रीला आणले. फ्रान्सच्या लेजर कंपनीची यंत्रेही बरीच चालतात. किल्ली यंत्राच्या आतच तयार होते, व्यवहारावर सही आतच होते आणि बाहेर येते ती फक्त सही, एवढी साधी त्यामागची कल्पना आहे. यंत्र उत्पादकाकडूनच मागवावे. जुने घेऊ नये, आणि खोक्यात शब्द आधीच छापून आलेले असतील तर ते शब्द ज्याने छापले त्याचेच आहेत असे समजून यंत्र बाजूला ठेवावे. २०२० मध्ये लेजरच्या ग्राहकांची नावे आणि पत्ते फुटले, त्यानंतर काहींच्या घरी बनावट यंत्रे टपालाने पोहोचली होती. कंपनी तुमचे शब्द कधीही मागत नाही. जो मागतो तो चोर, मग त्याचे मराठी कितीही गोड असो.

यंत्राच्या स्वतःच्या छोट्या पडद्यावर दिसणारा पत्ता आणि रक्कम वाचल्याशिवाय बटण दाबू नये, यावर मी मुद्दाम जोर देतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजच्या थंड, म्हणजे एरवी इंटरनेटपासून दूर ठेवलेल्या पाकिटातून सुमारे १५० कोटी डॉलरचे इथर, म्हणजे बिटकॉइनसारखेच दुसरे एक नाणे, गेले. तेथे सह्या करणारी माणसे अधिकृतच होती. संगणकाच्या पडद्यावर त्यांना नेहमीचा व्यवहार दिसत होता आणि सही प्रत्यक्षात भलत्याच व्यवहारावर झाली. आपण तर साधी माणसे. पत्ता कॉपी करून पेस्ट करताना मध्ये बदलणारे विषाणू असतात, म्हणून पहिल्यांदा अगदी किरकोळ रक्कम पाठवावी, ती पोहोचल्याची खात्री करावी आणि मग उरलेली.

आता त्या शब्दांविषयी, कारण यंत्र तुटले तर दुसरे मिळते, शब्दांचे तसे नसते. मोबाइलने त्यांचा फोटो काढू नये. तो न सांगता क्लाउडवर चढतो. मी स्वतः २०२० मध्ये, क्रिप्टोच्या व्यवहारांना बँकांची सेवा नाकारणारे रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने मार्चमध्ये रद्द केल्यानंतर, थोडी खरेदी केली आणि माझे २४ शब्द जेलपेनाने एका डायरीत लिहून ठेवले. डायरी कपाटावर होती आणि कपाटाशेजारी खिडकीला कूलर. आमच्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा कूलर रात्रंदिवस चालतो. एका मे महिन्यात त्याची नळी निसटली, पाणी वरच्या फळीवर उडत राहिले आणि सकाळी पाहतो तो चौदाव्या शब्दापासून पुढे निळा ढग उमटलेला. यंत्र शाबूत होते म्हणून निभावले. त्याच दिवशी नव्या शब्दांचे पाकीट तयार करून सगळे त्यात हलवले.

तेव्हापासून मी कागदावर विसंबत नाही. शब्द स्टीलवर कोरावेत. पाणी, वाळवी आणि घरात लागणारी साधारण आग यांतून ते वाचतात. परदेशातून तयार पट्ट्या मागवता येतात, पण भांड्यांवर नाव घालून देण्याची आपल्याकडची पद्धत काय वाईट आहे? भांड्यांच्या दुकानातून मी दोन सपाट स्टीलच्या झाकण्या घेतल्या. दुकानदाराने सवयीने त्याचे विजेचे यंत्र हाती घेतले आणि ‘नाव काय टाकू?’ म्हणून विचारले. त्याला नाव सांगायचे म्हणजे किल्लीच द्यायची, म्हणून ते यंत्रच मी दोन दिवसांसाठी मागून घेतले. लग्नातल्या भांड्यांचे काम असेल अशी त्याची समजूत झाली आणि मी ती दुरुस्त केली नाही. त्या यादीतील प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो, त्यामुळे पूर्ण शब्द कोरण्याची गरज नसते; क्रमांक आणि चार अक्षरे पुरतात. तरीही दुसऱ्या झाकणीपर्यंत मनगट बधिर झाले. एक झाकणी बँकेच्या लॉकरमध्ये आहे, दुसरी दुसऱ्या गावी. १ ते १२ एका ठिकाणी आणि १३ ते २४ दुसऱ्या ठिकाणी, अशी हुशारी करू नये; कोणताही एक तुकडा गेला की सारे गेले.

याहून मोठ्या हुशाऱ्या आहेत. शब्दांवर आणखी एक सांकेतिक शब्द लावता येतो, तीनपैकी दोन किल्ल्या जुळल्याशिवाय व्यवहार होणार नाही अशी मल्टिसिग व्यवस्थाही करता येते. त्या वाईट नाहीत. पण ज्या घरात हे सगळे एकाच माणसाला कळते, त्या घरात प्रत्येक जादा कुलूप चोराच्या आधी वारसांनाच अडवते, म्हणून मी त्या सुचवत नाही.

अमळनेर तालुक्यातील आमच्या गावी धाब्याचे घर होते. आजीने चांदीचे रुपये एका तांब्यात घालून घरातच कुठेतरी पुरले होते, आणि ते आईला सांगताना तिने जागा न सांगता एवढेच बजावले होते : ‘कोनले सांगू नको.’ पुढे आजीला अर्धांगवायू झाला आणि तिची वाचा गेली. चुलत्यांनी तीन खोल्यांची जमीन खणली, तांब्या सापडला नाही. चोराच्याही हाती लागला नाही, हे मात्र खरे.

स्टीफन थॉमस या प्रोग्रॅमरची गोष्ट याच जातीची आहे. ७,००२ बिटकॉइनच्या किल्ल्या ज्या कुलूपबंद पेनड्राइव्हमध्ये आहेत त्याचा पासवर्ड लिहिलेला कागद त्यांनी हरवला. दहा प्रयत्नांची मुभा, त्यांपैकी आठ चुकले. क्वाड्रिगा या कॅनडातील एक्स्चेंजचे संस्थापक जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये जयपूर येथे वारले, तेव्हा किल्ल्या फक्त त्यांनाच ठाऊक होत्या असे ग्राहकांना सांगण्यात आले. पुढे चौकशीत मूळ कारण त्यांची लबाडी असल्याचे निघाले, तो भाग निराळा. पण त्या वेळी ‘एकच माणूस, एकच किल्ली’ हे कारण कोणालाही अशक्य वाटले नाही.

बँकेच्या खात्याला नामनिर्देशन असते, या शब्दांना नसते. म्हणून मी एक पत्र लिहून ते विमा पॉलिसीच्या फायलीत लावले आहे. त्यात शब्द नाहीत. काय आहे, झाकण्या कोठे आहेत, यंत्र कोणते घ्यावे, कोणाला फोन करू नये आणि खरेदीच्या नोंदी कोणत्या वहीत आहेत, कारण वारसालाही विकताना कर भरावा लागेल, एवढे आहे. नोंदींचा हा भाग करसल्लागाराचा खोडसाळपणा समजू नये; एक्स्चेंजवरून आपल्याच पाकिटात नाणे हलवणे म्हणजे विक्री नव्हे, पण मूळ खरेदी कितीला झाली ते पाकीट सांगत नाही.

यावलच्या गृहस्थांना मी एक गोष्ट मोठी रक्कम हलवण्यापूर्वीच करायला सांगितली : यंत्रात थोडे पैसे ठेवा, यंत्र पूर्ण पुसून टाका आणि मुलाने नव्हे, घरच्या बाईंनी शब्दांवरून ते परत उभे करावे, तुम्ही शेजारी बसा, बोलू नका. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी हा प्रयोग झाला. पत्नीने पत्र वाचले, लॉकरमधली झाकणी आणली, चष्मा लावला आणि एकेक अक्षर भरायला घेतले. सतराव्या शब्दाशी अडली, कारण मी कोरलेला ‘यू’ तिला ‘व्ही’ वाटत होता आणि त्या अक्षरांनी सुरू होणारा शब्द यादीत नसल्याने यंत्र पुढे सरकत नव्हते. दहा मिनिटांनी तिने दुसरे अक्षर घालून पाहिले आणि ते लागले. दुसऱ्या दिवशी मी भांड्यांच्या दुकानात जाऊन ते यंत्र पुन्हा मागून आणले.